गाव करी ते राव न करी: म्हणीचा अर्थ, उगम आणि ती ओढ्यावर उतरवायची रीत

शाळेच्या पुस्तकात या म्हणीपुढं एका ओळीचा अर्थ असतो: एकट्या मोठ्या माणसाला जे जमत नाही ते एकजुटीनं होतं. अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबलं की म्हण फक्त सत्काराच्या भाषणात शेवटी टाकायच्या कामाची उरते. म्हणून इथं आधी म्हण शब्दाशब्दानं सोडवली आहे. त्यानंतर सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यातल्या तीसएक घरांच्या वाडीनं ओढ्यावर गोण्यांचा वनराई बंधारा घालायचा म्हटलं, तर ही म्हण कामाला कशी लावायची ते मापांसकट दिलं आहे. गोण्या भरणं सोपं आहे. अवघड असतं ते कुणी किती भरायच्या हे ठरवणं, आणि म्हणीचा सगळा जीव तिथंच आहे.

शब्द आधी

‘राव’ म्हणजे राजा. संस्कृत ‘राजन्’ प्राकृतातून येताना झिजला आणि ‘राव’ झाला, तसा ‘ग्राम’ झिजून ‘गाव’ झाला. ‘रावाचा रंक झाला’ म्हणताना हाच राव असतो. नावापुढं लागणारा ‘राव’ही त्याच घरातला, फक्त आता त्याला कुणी सारा भरत नाही. दोन्ही शब्द एका मापाचे आणि एका यमकाचे आहेत, म्हणून म्हण तोंडात बसली.

‘करी’ हे रूप नीट बघा. ओवी-अभंगात ‘जाई’, ‘येई’, ‘बोले’ अशी रूपं येतात, त्यातलंच हे. त्याचा अर्थ ‘करतं, नेहमी करत आलंय’ असा होतो. हल्ली ‘गाव करील ते राव काय करील’ असंही म्हणतात, त्यात भविष्याची हमी आहे. जुन्या रूपात हमी नाही, सवय आहे. आणि क्रियापद एकवचनी आहे. दहा जण आपापलं करतात असं म्हण सांगत नाही, गाव नावाचा एकच कर्ता काम करतो असं सांगते. (दोन शब्द चिकटवले की ‘गावकरी’ होतो. त्या शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आहे, पण लक्षात ठेवायला बरं पडतं.)

म्हण वाक्यात वापरताना तिचं रूप बदलत नाहीत. वाक्प्रचार क्रियापदासारखा चालवता येतो: ‘कंबर कसली’, ‘कंबर कसतील’. म्हण आहे तशी ठेवायची आणि वाक्य तिच्याभोवती बांधायचं. उदाहरणार्थ: निधीची वाट बघत दोन उन्हाळे गेले, शेवटी वाडीनं रविवारी खोरी उचलली आणि संध्याकाळी ओढ्यात पाणी थांबलं, गाव करी ते राव न करी. ‘गावानं रावाचं न करी केलं’ असली वाक्यं उत्तरपत्रिकेत सर्रास सापडतात, ती चूकच.

ही म्हण कुठून आली

जुन्या मराठी गावात सरकारचा संबंध मुख्यतः साऱ्यापुरता आणि फौजेपुरता. बाकी व्यवहार गावच चालवायचं. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे कारभारी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट असे बलुतेदार वर्षभर काम करायचे आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचे. हद्दीचा किंवा वतनाचा तंटा आला की गोतसभा बसायची आणि निवाडा महजरात लिहिला जायचा. त्या कागदावर हजर असलेल्यांची नावं यायची, आणि लिहिता न येणारा आपल्या अवजाराची निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगर.

‘गाव करी’ यामागं ही घडण आहे. आपोआप उसळणारी एकी तिथं नव्हती. प्रत्येकाचं काम आणि त्याचा वाटा ठरलेला होता आणि वेळ पडली तर तो कागदावर होता. म्हणून गाव एक कर्ता म्हणून उभं राहू शकायचं.

त्याच घडणीत अन्यायही पुरेपूर होता. कुणाच्या वाट्याला मान आला आणि कुणाच्या वाट्याला वेठ, हे जातीवर ठरायचं. महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. तेव्हा ‘पूर्वी गावात कशी एकी होती’ असं म्हणून ही म्हण वापरू नका, ऐकणाऱ्यात कुणाचा तरी आजा त्या एकीच्या बाहेर उभा असतो.

राव आणि गाव यांचा सामना श्रावणातल्या सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीतही आहे. राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी भीतीपोटी वासरांचं, लेकरांचं तोडून दूध नेऊन ओतलं, गाभारा भरला नाही. मग एक म्हातारी आली. तिनं घरचं काम आटोपलं होतं, मुलांना पाजलं होतं, वासरांना सोडलं होतं आणि उरलेलं खुलभर दूध आणलं होतं. तेवढ्यानं गाभारा भरला. श्रमदान ठरवणाऱ्यांनी ही कहाणी त्या नजरेनं एकदा ऐकावी. हुकमानं ओरबाडलेला वाटा आणि पोटापुरतं ठेवून दिलेला वाटा यात फरक आहे, आणि तो फरक पुढं गोण्यांच्या हिशेबात दिसतो.

सातारा-सांगलीत ही म्हण तोंडी लावण्यापुरती राहिली नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथं प्रतिसरकार चाललं. इंग्रजांचा राव डोक्यावर असताना गावोगाव लोकन्यायालयं बसली, साधेपणानं गांधी विवाह लागले. तेव्हा आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पुढं १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण उभं केलं. पैशासाठी नदीतल्याच वाळूचा आधार घेतला आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा असावा हे तत्त्व धरलं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस घेतलं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राज्यात नेणारे आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे.

जवळच्या म्हणींशी गल्लत करू नका

‘एका हातानं टाळी वाजत नाही’ ही सामाईक दोषाची म्हण आहे, सामाईक बळाची नाही. भांडण दोघांचं असतं, एवढंच ती सांगते. गंमत म्हणजे पंचतंत्रात एका हाताच्या टाळीचा दाखला भांडणासाठी येत नाही. तिथं एक हात दैवाचा आणि दुसरा उद्योगाचा: एका हातानं टाळी होत नाही, तसं प्रयत्न सोडला की नुसत्या दैवानं फळ मिळत नाही. मराठीत ती म्हण बांधावरच्या भांडणात येऊन बसली. तिथंही जपून वापरा. एकानं बांध कोरला आणि दुसऱ्यानं फक्त मोजणी मागितली, तर दुसऱ्या हातानं टाळी वाजवलेली नाही.

‘बारभाईचा कारभार’ हा आपल्या म्हणीचा उलटा चेहरा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांना बाजूला सारायला नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभारी एकत्र आले, ते बारभाई. त्यांनी ठरवलेलं तडीस नेलं, तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावानं राज्य चालवलं. भाषेनं मात्र त्यांच्यावर सूड उगवला. आज बारभाई म्हणजे ज्याच्यात बाराही जण बोलतात आणि काम एकाचंही नसतं असा गोंधळ. वाडीत काम काढताना आपलं ‘गाव करी’ होणार की ‘बारभाई’, हे पहिल्या बैठकीतच ठरतं.

बैठक

बैठक दसऱ्याच्या आसपास घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. त्यातलाही बराचसा परतीचा असतो. तो थांबून ओढ्याला घोट्याएवढी धार उरली की बंधाऱ्याची वेळ झाली. त्याआधी बांधला तर एका वळवासारख्या सरीत वाहून जातो, डिसेंबरात बांधला तर अडवायला पाणीच नसतं. म्हणजे हातात तीन-चार आठवडे असतात, म्हणून ठरवाठरवी आधी उरकायची.

ओढा खासगी नसतो. ग्रामपंचायतीला कळवा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि गावाकडं येणाऱ्या कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला जागा दाखवा. वनराई बंधाऱ्याचं काम त्यांच्या ओळखीचं असतं.

बैठकीत एक कागद तयार झाला पाहिजे, जुन्या महजरासारखाच. त्यावर घरांची नावं, प्रत्येक नावापुढं काम आणि काम मोजायची संख्या. ‘सगळ्यांनी यायचं’ हा ठराव नव्हे. सगळ्यांनी म्हटलं की प्रत्येकाला वाटतं आपण नसलो तरी चालेल. फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमन नावाच्या शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून हे मोजलं होतं आणि १९१३ मध्ये छापलं. आठ जण मिळून ओढताना माणशी जोर एकट्यानं ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर आला. सगळ्यांचा झटका एका वेळी लागत नाही हे त्याचं मुख्य कारण रिंगेलमननं दिलं; कुणाचा जोर किती हे दिसत नसलं की माणूस हात आखडतो, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं. यावर औषध एकच, प्रत्येकाचा वाटा दिसेल असा ठेवायचा.

वाटा ठरवताना श्रम आणि पैसा वेगळे धरा. श्रम घरटी एक माणूस, सरसकट. पैसा आणि वाहन सरसकट नको. बंधाऱ्याचं पाणी मुरून ज्यांच्या विहिरीला येणार त्यांनी ट्रॅक्टर, डिझेल, सुतळी, चहापाणी उचलावं. ज्याला गुंठाभर रान नाही त्याच्याकडून विहीरवाल्याइतकी वर्गणी घेतली, तर तो पहिल्या वर्षी लाजेनं देतो आणि दुसऱ्या वर्षी त्या दिवशी पाहुण्याकडं जातो. खुलभर दुधाचा मुद्दा तो हाच. ज्या घरात म्हाताराच आहे किंवा बाई एकटी आहे, त्यांना सुतळीचे तुकडे कापणं, गोण्या मोजणं, पाणी देणं अशी कामं द्या आणि तीही कागदावर लिहा. न लिहिलेलं काम नंतर कुणी मोजत नाही.

जो येत नाही त्याचं काय, हा प्रश्न निघतोच. दोन गोष्टी करू नका. दंड लावू नका, तो वसूल होत नाही आणि वैर मात्र राहतं. आणि वाळीत टाकायची भाषा चुकूनही नको. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चालणारी रीत सावडीची आहे: आज जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गोण्या, किंवा पुढच्या राखणीच्या दोन पाळ्या जास्त. पेरणी-मळणीला सावडीनं काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

जागा

ओढा सरळ असेल तिथं बघा. वळणावर पाणी बाहेरचा काठ खातं. दोन्ही काठ उंच आणि घट्ट हवेत, पात्र अरुंद आणि त्याच्या वरच्या अंगाला थोडं रुंद, उतार कमी. उताराचा हिशेब सोपा आहे. पात्र शंभर मीटरला एक मीटर उतरत असेल, तर ९० सेंटिमीटर खोल पाणी मागं सुमारे ९० मीटर पसरतं. उतार दुप्पट असला की तळं निम्मं. त्यामुळं धबधब्यासारख्या जागी, जिथं ‘पाणी मस्त अडेल’ असं वाटतं, तिथं अडतं सगळ्यात कमी.

मागं पसरणारं पाणी कुणाच्या रानात, पाणंदीत किंवा स्मशानाच्या वाटेवर जात नाही हे आधी काठीनं उंची लावून बघा. हे राहिलं की बंधारा वाहून जात नाही, रात्रीत कुणीतरी फोडतो.

गोण्यांचा हिशेब

मासल्यासाठी ८ मीटर रुंद ओढा आणि १ मीटर उंचीचा बंधारा धरू. पायाशी रुंदी २ मीटर, माथ्याला ६० सेंटिमीटर. छेदाचं क्षेत्र १.३ चौरस मीटर, गुणिले ८ म्हणजे १०.४ घनमीटर. पण ओढ्याचं पात्र परातीसारखं असतं, काठाकडं उंची कमी होत जाते, म्हणून त्याचं तीन चतुर्थांश धरा: जवळपास ८ घनमीटर. (पायाचा चर आणि काठांतल्या खाचा यात धरलेल्या नाहीत.)

सिमेंटची ५० किलोची रिकामी गोणी दोन तृतीयांश भरली की तिच्यात २३-२४ लिटर माल बसतो, वजन साधारण ३५ किलो. म्हणजे घनमीटरला ४२ गोण्या, आठ घनमीटरला ३३६. फाटक्या-उसवलेल्यांसाठी दहा टक्के जास्त धरून ३७० जमवा. घरटी बारा-तेरा गोण्यांचा वाटा पडतो आणि हाच आकडा कागदावर प्रत्येक नावापुढं येतो. बांधकामाच्या जागी मागितलं की गोण्या मिळतात. आणल्या की उन्हाकडं धरून बघा, भोकं दिसतात. वर्षभर छपरावर पडलेली गोणी घेऊ नका, हातानं ओढली तरी तिचा धागा सुटतो.

अवजारं: खोरी ८, टिकाव ४, पहारी २, घमेली १०-१२, दाभण ६, सुतळी गोणीमागं एक मीटर म्हणजे पावणेचारशे-चारशे मीटर, मापाची दोरी आणि पातळी बघायची पाणी-नळी. सुतळी आदल्या दिवशी मीटरमीटरचे तुकडे करून ठेवली की सकाळचा अर्धा तास वाचतो.

कामाचा दिवस

माणसं तीस असतील तर अशी वाटा. चार जणांची एक टोळी: एक गोणीचं तोंड धरायला, दोघं खोऱ्यावर, एक शिवायला. अशा चार टोळ्या. आठ जण वाहायला, चार जण रचायला, एक जण मोजायला, एक पाण्या-चहाला. टोळी तासाला २२-२४ गोण्या काढते, चार टोळ्या मिळून नव्वद, म्हणजे चार तासांत काम. सकाळी सातला सुरू केलं तर जेवणाच्या वेळेला माथा दिसतो. टोळी भावकीची करू नका, मिसळून करा; भावकीच्या टोळीत जुना विषय निघतो आणि खोरं थांबतं.

भरायला निव्वळ वाळू नको, तिच्यातून पाणी पाझरतं. निव्वळ काळी मातीही नको, ती भिजून फुगते आणि थर घसरतात. मुरूम आणि माती मिसळून घ्या. माल बंधाऱ्याच्या वरच्या अंगानंच काढा, तेवढंच पात्र खोल होतं. पण बंधाऱ्याच्या पायापासून निदान तीन मीटर सोडून, नाहीतर पायाखालीच खड्डा होतो.

गोणी गच्च भरायचा मोह सगळ्यांना होतो. गच्च गोणी कलिंगडासारखी गोल होते, दुसरीला टेकत नाही आणि मधल्या फटीतून पाणी जातं. दोन तृतीयांश भरलेली गोणी पायानं दाबली की विटेसारखी चपटी बसते, उंची साधारण १२ सेंटिमीटर. एक मीटरला असे आठ थर.

शिवणकामाला लोक हलकं समजतात, बंधारा जातो तो तिथून. तोंडाची दोन्ही टोकं आत दुमडून, दाभणानं पाच-सहा टाके घालून गाठ मारायची. नुसतं सुतळीनं आवळलेलं तोंड फुलासारखं उभं राहतं आणि वरचा थर बसू देत नाही.

चारही रचणारे आधी पाया काढतात. पात्रातली सुटी वाळू, दगड, झुडपं काढून फूटभर खोल चर, दोन मीटर रुंद. दोन्ही काठांत अर्धा-अर्धा मीटर आत खाच. खाचेचं काम टाळलं जातं, कारण काठाची माती घट्ट असते आणि उशीर झालेला असतो. मग पाणी बंधाऱ्याला हात न लावता काठाला वळसा घालून निघून जातं. खडकाळ तळ असेल तर चर निघणार नाही. तिथं खडक घासून चिकट मातीचा चार बोटं थर द्यायचा आणि त्यावर पहिली रांग.

पहिला थर प्रवाहाच्या दिशेला लांबी करून, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, विटकामासारखं. शिवलेलं तोंड बाहेर उघडं ठेवू नका, शेजारच्या गोणीखाली दाबा. प्रत्येक थरावर फटीत ओली माती ठासा आणि दोघांनी वरून चालत जा. वरच्या अंगाला शेवटी चिखलाचा गिलावा.

माथ्यावर मध्यभागी एक-दीड मीटर रुंदीत एक थर कमी ठेवा. हाच सांडवा. जास्तीचं पाणी मधून पडलं पाहिजे, काठांवरून नव्हे. ते पडतं तिथं खाली हाताएवढे दगड पसरा.

एवढं झालं की मागं उभं राहणारं पाणी किती? ९० सेंटिमीटर खोल, ९० मीटर लांब, ८ मीटर रुंद अशी पाचर ३२४ घनमीटरची. परातीच्या आकारामुळं त्यातलं दोन तृतीयांश धरा, म्हणजे दोन लाख लिटरच्या वर. दहा हजारी टँकर असेल तर वीसएक टँकर. आणि धार चालू आहे तोवर मुरलेलं पाणी मागून भरत राहतं.

बिघडतं कुठं

दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहा. गोण्यांच्या मधून ठिबकत असेल तर घाबरायचं कारण नाही, गाळ बसला की आठवड्यात थांबतं. तळातून गढूळ पाणी उसळत असेल तर पायाखाली वाळू राहिली आहे. वरच्या अंगाला, उसळतंय त्याच्या समोर, चिकट मातीच्या गोण्यांची आणखी एक रांग टाका. काठाजवळ ओल चढत असेल तर त्याच दिवशी खाच वाढवा, उद्यावर टाकू नका. काठ फुटला की आख्खा बंधारा फिरतो.

उन्हानं गोणीचा धागा पिठूळ होतो. माथ्यावर चार बोटं माती टाकून ठेवली की बंधारा उन्हाळ्यापर्यंत निभावतो. म्हशी बंधाऱ्यावरूनच चढतात, त्यांना पाण्यावर जायला बाजूनं उतार करून द्या.

खरी कसोटी मोटारीची. पाणी साठल्याच्या पहिल्या आठवड्यात कुणाच्या तरी मनात येतं, एक रात्र मोटार टाकली तर काय बिघडलं. पाच एचपीची मोटार रात्रीत हे तळं तळाला नेऊ शकते. म्हणून बैठकीच्या त्याच कागदावर लिहून घ्या: साठ्यात मोटार टाकायची नाही, जनावरांना पाणी मोकळं, बाकीचं मुरून विहिरीला येईल ते ज्याच्या त्याच्या विहिरीतून. नियम मोडणाऱ्याशी रात्री तंटा घालू नका, सकाळी कागद घेऊन चार जणांनी जावं. एकट्यानं गेलं की ते दोघांचं भांडण होतं आणि मग ती टाळीची म्हण निघते.

राखणीच्या पाळ्या आठवड्याला दोन घरं. तीस घरांना पंधरा आठवडे पुरतात, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पाळीत काम फार नाही: एक दिवसाआड जाऊन सांडवा मोकळा आहे का, गोणी सरकली का, काठ ओला का, हे बघायचं आणि कागदावर तारीख टाकायची. दोन घरं जोडताना वरच्या आणि खालच्या आळीचं एक-एक घ्या.

मे संपता संपता बंधारा मधून उघडायचा. पहिल्या पुरात गोण्या वाहिल्या की प्लॅस्टिकचे धागे खालच्या गावच्या मोरीत अडकतात. सांडव्यापासून सुरुवात करून वरचे चार थर काढा, माती काठावर रिकामी करा, शाबूत गोण्या झटकून मोजा आणि शाळेच्या किंवा देवळाच्या माळ्यावर सावलीत बांधून ठेवा. किती निघाल्या तो आकडा त्याच कागदाच्या मागं लिहा. ३७० मधून शंभर शाबूत निघाल्या, तर दसऱ्याच्या बैठकीत घरटी बारा नव्हे, नऊच गोण्या मागायच्या असतात.